दारं उघडी ठेवून पास केलेला हीटर

फौजेत मी व्हेइकल मेकॅनिक, हुद्दा नायक. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या वर्षांत माझं पोस्टिंग कॉटन ग्रीनजवळच्या एका लहान वर्कशॉपमध्ये होतं. घर लालबागला, म्हणून सगळे म्हणायचे, नशीबवान आहेस रे. कसलं डोंबलाचं नशीब! त्या शेडची आठवण झाली की आजही मला शिसारी येते.

पहाडातल्या अ‍ॅम्ब्युलन्स रिपेअरला आमच्याकडे यायच्या. त्यांत सीटमागे एक हीटर असे. इंजिन बंद असलं तरी तो वेगळं पेट्रोल जाळून गाडी गरम ठेवायचा. पत्र्याच्या डब्यात जाळ, डब्याबाहेरून पंख्याची हवा. विषारी धूर पाइपने बाहेर, गरम हवा पेशंटकडे. दोन्ही एकमेकांत मिसळता कामा नयेत, एवढंच त्यातलं शास्त्र.

आता मुंबईच्या मे महिन्यात त्याची टेस्ट कशी व्हायची ते ऐका. मागची दारं सुतळीने बांधून सताड उघडी, सगळ्या काचा खाली. हीटर पेटवायचा, हात धरायचा, गरम हवा लागली की आमच्या शेडचे सुभेदार ओरडायचे, "ओके! पुढची!" घामाने निथळत आत कोण बसणार? वर्षानुवर्षं हेच चालू.

वसंता शिपाई, ड्रायव्हर, गिरगावचा. आपली अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन आला आणि मला म्हणाला, "नायक, हीटर लावला की डोकं ठणकतं. पेशंटला मळमळतं. तिकडे काचा बंद असतात ना."

आम्ही प्लग बदलला, पेट्रोलची नळी साफ केली, पंखा खोलून बघितला. दारं उघडी. टेस्ट ओके.

"साहेब, एकदा दारं लावून बघू या," मी म्हणालो.

"इथे? उकडून मारतोस काय?" सुभेदार हसले. "ह्याला परत पहाडात जायचं नाहीये. आईच्या हातचं गोड लागतंय. उद्या गाडी रेल्वेवर लोड करा."

वसंताचा चेहरा उतरला. "उद्या हिच्यात पेशंट झोपणार, नायक," एवढंच तो बोलला.

त्याच दुपारी लालबागला लाठीमार झाला, अश्रुधूर सुटला. गर्दी आमच्या रस्त्याला येईल म्हणून सगळ्यांना गेटवर रांगेत फॉल इन. वसंताला गाडीपाशी थांबायचा हुकूम. गर्दी काही आलीच नाही. सुभेदार मध्ये एकदा शेडकडे चक्कर मारून आले.

"तुझा दोस्त काचा लावून झोपलाय आत. लाज नाही साल्याला."

काचा लावून? त्या उकाड्यात? मी धावत सुटलो. हीटर चालू होता. वसंता स्ट्रेचरवर आडवा, गाल लालसर, झोपल्यासारखाच. दार उघडून त्याला बाहेर ओढला, हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. डॉक्टर आले. काही उपयोग झाला नाही.

सुभेदार काय म्हणाले असतील? "अश्रुधूर बाधला असणार." थू! शेडमध्ये कुणाच्या डोळ्यांत टिपूस नाही, आणि म्हणे अश्रुधूर.

संध्याकाळी मी हीटर उतरवला. गार असताना डबा धडधाकट दिसत होता. बाकावर ठेवून पेटवला, चांगला तापू दिला, तेव्हा तळाच्या सांध्याला चीर उघडली. तिथून धूर गरम हवेच्या वाटेत घुसत होता. गार झाल्यावर चीर पुन्हा मिटली. वर्कशॉपच्या मेजर साहेबांना बोलावून दाखवलं. त्यांनी ती गाडी तिथल्या तिथे रोखली. पुढे प्रत्येक हीटर उतरवून, तापवून तपासायचा हुकूम निघाला.

सुभेदारांना कोणी काही विचारलं नाही. पेन्शन घेऊन सुखाने घरी गेले. कागदावर लिहिलं उष्माघात. वसंता लढाईत गेला नाही, म्हणून त्याचं नाव कुठल्या दगडावर नाही. ह्या सगळ्याची मला किळस आहे, आणि ती जायची नाही.

सुट्टी मिळताच मी गिरगावात त्याच्या आईकडे गेलो. ड्यूटीवर झोपला होता, असं तिच्या कानावर आधीच घातलं गेलं होतं.

"काकी, वसंता झोपला नव्हता," मी म्हणालो. "दारं लावून हीटर तपासत होता. दुसरं कोणी तपासेना म्हणून."

तिने विचारलं, "ती गाडी गेली का रे पुढे?"

"नाही, काकी. नापास झाली."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मग रडली.