जैबूनभाभीच्या भट्टीतली क्रीमची बिस्किटं

मैत्रिणींनो, आपल्या महिला मंडळाची ही वही आज मी मुद्दाम गल्लीत घरोघर फिरवतेय.

काल मी आणि शेजारच्या जैबूनभाभीनं क्रीमची बिस्किटं केली. माझ्याकडं नुसता रॉकेलचा स्टोव्ह, म्हणून तिच्या घरच्या बेकरीत भाजली. लोणी आणि पिठीसाखर फेसून दोन-दोन चिकटवली.

आज दुपारी थाळी घेऊन दोघी बैठकीला गेलो. दारातच मंडळातल्या थोरल्या वहिनींनी अडवलं. "ही हितं नकोत. कुणाच्या भट्टीतली हायत, ठावं हाय की सगळ्यांस्नी."

"वहिनी, रोज सकाळी चहात पाव बुडवता, तो कुठल्या भट्टीतला?"

"ते येगळं."

जैबूनभाभी हळूच म्हणाली, "जाऊ दे बाई, घरला जाऊ." तिचा उतरलेला चेहरा बघून मला फार चीड आली. मी तिचा हात धरला, थाळी सतरंजीच्या मधोमध ठेवली आणि आम्ही दोघी तिथंच बसून खायला लागलो. चौघींनी हात पुढं केला. बाकीच्या बघत राहिल्या.

पुढची बैठक माझ्या घरी आहे. बिस्किटं हीच असतील आणि वाढणार जैबूनभाभीच. कोण कोण येणार? खाली सही करा. पहिली मी केलीय.