सवाल पुरा ऐक

वकीलचाचांना ‘हाव’ या शब्दाची चीड होती. आमच्याकडे तो ‘होय’साठी असतोच, पण समोरचा बोलत असताना दर श्वासाला ‘हाव, हाव’ करायचं, म्हणजे ‘ऐकतोय, चालू द्या’, असाही त्याचा उपयोग होतो. यात मी अव्वल. मी जास्त हाव म्हणायला लागलो की माझं लक्ष नाही हे बायको ओळखते.

उंद्रीला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान. विहिरींवरच्या मोटारी चोरीला जायला लागल्या आणि माझ्याकडे दुरुस्तीला आलेली एक त्यांतलीच निघाली. मला ठाण्यात बोलावलं. मोबाइलवर कायदा बघून मी दुकानात गिऱ्हाइकांना हक्क समजावत असे, त्यामुळे ऐटीत गेलो. साहेब लांबून बदलून आलेले, पुण्याकडचे, सभ्य. त्यांनी चहा मागवला आणि तिथेच माझा कायदा विरघळला.

“मोटार तुमच्याकडे आली.” हाव. “चोरीची असावी असं वाटलं.” हाव. “तरी ठेवून घेतली.” हाव. त्यांचं संपलं की आपली बाजू मांडायची, अशा बेतात मी होतो. शेजारी जमादार भराभर लिहीत होते.

तेवढ्यात बायकोने धाडलेले चाचा आले. चौकशी चालू असतानाही वकिलाला भेटता येतं, एवढंच साहेबांना सांगून त्यांनी मला व्हरांड्यात नेलं. साहेब बोलत होते, मी नुसता ऐकत होतो, असं मी सांगितलं.

“तू ऐकून नाई राह्यला बे, कबूल करून राह्यला,” चाचा म्हणाले. “सोताले फसवाची सक्ती नाई तुले. चूप राहाचा हक्क हाये. सवाल पुरा ऐक, मंग तोंड उघड. अन् बयानावर सही करू नको.”

मी घाबरून त्यालाही हाव म्हणालो. मग ते आत गेले आणि लिहिण्यात गुंतलेल्या जमादारांना सहज म्हणाले, “जमादार, बाकीच्या मोटारी तुमच्याच घरी हायेत म्हन्तात लोक.”

“हाव, हाव,” जमादार मान वर न करता म्हणाले.

साहेब आधी दचकले, मग हसले. माझे सगळे हाव त्यांनी खोडायला लावले आणि पहिल्यापासून विचारायला घेतलं. मोटार कोणी आणून दिली ते मी एका वाक्यात सांगितलं. एका वाक्यात थांबायची माझी ती पहिलीच खेप. संध्याकाळी घरी जेवायला होतो.

पुढे चाचा दुकानावर बसले की मुद्दाम अर्धाच प्रश्न टाकत. मी फसून हाव म्हणे आणि चहाचे पैसे मला पडत. किती चहा पाजले याची गणती नाही. मला त्यांचा फार लळा लागला.

शेवटचे भेटलो तेव्हा ते खाटेवर होते, आवाज पार बसलेला. माझा हात धरून म्हणाले, “मी नसलो तं तू...” आणि त्यांना दम लागला. त्यांचीच शिकवण, म्हणून मी पुढचे शब्द यायची वाट पाहत राहिलो. ते आले नाहीत. चाचा माझ्या तोंडाकडे बघत होते.

“हाव, चाचा,” मी म्हणालो.