डाव्या करंगळीसाठी शब्द

वहिनी इंग्रजी टायपिंगच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाली. निकाल दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास लागला. ती केजला तिच्या कार्यालयात होती, मी बीडला वर्तमानपत्राच्या कचेरीत. तिने फोन केला नाही, निकालाच्या पानाचा फोटो पाठवला. बाकीच्या भागांत ती पास होती. वेगाच्या उताऱ्यात गेली होती.

माझा थोरला भाऊ त्याच कार्यालयात शिपाई होता. नोकरीत असतानाच तो हृदयविकाराने गेला आणि वहिनीला अनुकंपा तत्त्वावर लिपिकाची जागा मिळाली. आदेशात अट होती: दोन वर्षांच्या आत टायपिंगची प्रमाणपत्रे, मराठी मिनिटाला तीस शब्द आणि इंग्रजी चाळीस. मराठी ती पहिल्या खेपेला पास झाली. इंग्रजीसाठी एकदा मुदतवाढ मिळाली होती, ती मेअखेर संपत होती. त्याआधी एकच परीक्षा व्हायची होती. ती गेली की नोकरी जाणार, हे कार्यालयाने लेखी कळवले होते. दोन मुली शिकत होत्या आणि घर त्या एका पगारावर चालत होते.

भावाला नोकरी लागण्याआधी दोघे पाच हंगाम ऊसतोडीला गेले होते. तिसऱ्या हंगामात वहिनीचा कोयता डाव्या करंगळीवर बसला. तिने चिंधी बांधून हंगाम पुरा केला. जखम भरली, पण करंगळी मधल्या पेरात वाकेना. की-बोर्डवर डाव्या करंगळीच्या वाट्याला तीन अक्षरे येतात: क्यू, ए आणि झेड. क्यू आणि झेड क्वचित लागतात. ए जवळजवळ प्रत्येक ओळीत लागतो.

शेजारचे बोट वापरून पाहिले होते. तसे केले की सगळा हात जागेवरून सरकत होता आणि चुका दुप्पट होत होत्या. टायपिंगच्या सरांनी ते बंद करायला लावले.

‘मॅडम, हाय त्या बोटालाच कामाला लावा,’ ते म्हणाले. ‘कोयता धरलेली बोटं हायत, एवढ्यानं मोडत न्हाईत.’

त्याच आठवड्यात मी शब्द शोधायला घेतले. कचेरीत पाठ निघालेला एक इंग्रजी शब्दकोश होता. शिवाय मोबाईलवर अक्षरे टाकली की ती असलेले शब्द दाखवणारे एक पान सापडले. मी नियम ठरवला: शब्द दहा अक्षरांपेक्षा मोठा हवा आणि त्यात ए किमान दोनदा हवा. क्यू किंवा झेड असेल तर तो यादीत वर. अमाल्गमेशनमध्ये ए चारदा येतो. कॅरेक्टरायझेशनमध्ये तीनदा, वर एक झेड. इक्वलायझेशनमध्ये करंगळीची तिन्ही अक्षरे आहेत. तो शब्द सापडला तेव्हा मी वहिनीला कामाच्या वेळेत फोन केला होता.

सरांची बीडमधली इन्स्टिट्यूट सकाळी सहाला उघडत असे. वहिनी सहा ते सात तिथे बसायची आणि आठच्या एसटीने मांजरसुंब्यावरून केजला जायची. मी यादी घेऊन शेजारी बसत असे. वेळ मीच लावायचो आणि मोजणीही मीच करायचो.

‘भावजी, ह्यो शब्द कुणी बोलतं का?’ पहिल्याच आठवड्यात तिने विचारले.

‘नाही.’

‘मग कावून मारायचा?’

‘त्यात चार ए आहेत.’

‘कुणी बोलत न्हाई, कुणी लिहीत न्हाई, आन आमच्या बोटाला शिक्षा,’ ती म्हणाली आणि तो शब्द पुन्हा मारला.

डिसेंबरात वेग छत्तीसवर आला, संक्रांतीला एकोणचाळीसवर. जानेवारी संपता संपता यादीवर तिने बेचाळीस गाठले. ए चुकायचा जवळजवळ थांबला होता. मी आणखी लांब शब्द आणले. सगळ्यात मोठा इंटरनॅशनलायझेशन, वीस अक्षरांचा. हे कसे जमले, असे मी तिला विचारले.

‘मोळी बांधल्यावानी करते,’ ती म्हणाली. ‘उसाच्या शेंड्याचं वाढं हातरायचं, ऊस रचायचा, गाठ मारायची, मोळी टाकायची. मंग दुसरी. एक शब्द म्हंजी एक मोळी. गाठ मारल्याबिगर दुसरीला हात लावत न्हाई.’

मला ही पद्धत चांगली वाटली. सरांनाही मी ती सांगितली.

महाशिवरात्रीच्या आधीच्या गुरुवारी सरांनी तिला परीक्षेचा एक जुना उतारा दिला. सात मिनिटांनंतर मोजणी केली. एकतीस. पुन्हा मारायला लावला. बत्तीस. तिसऱ्यांदा मी पडद्याकडे पाहिले नाही, तिच्या हातांकडे पाहिले. करंगळी ए वर बरोबर पडत होती. पण प्रत्येक शब्द संपला की दोन्ही हात क्षणभर थांबत होते. उताऱ्यात ऑफ, टू, इन, इज, द असे शब्द एकामागून एक होते. त्या प्रत्येकानंतर हात थांबत होते.

टायपिंगच्या मोजणीत पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात. इंटरनॅशनलायझेशन एकदा मारले की चार शब्द होतात आणि थांबणे एकदाच होते. दोन अक्षरांच्या शब्दातही थांबणे एकदाच होते, पण तो जेमतेम अर्धा शब्द धरला जातो. यादीवरचा बेचाळीसचा वेग खरा होता. तो फक्त त्या यादीपुरता होता. यादी मी केली होती.

मी तिला हे जसेच्या तसे सांगितले.

ती म्हणाली, ‘म्हंजी तीन महिने मी गाठी मारायला शिकले.’

‘करंगळी सुधारली, वहिनी.’

‘करंगळीचं ऱ्हाऊ द्या. चाळीस कवा व्हतील?’

परीक्षेला पाच आठवडे होते.

त्या दिवशी लांब शब्दांची वही बंद केली आणि वाक्प्रचार शोधायला सुरुवात केली. आता नियम उलटा होता: शब्द तीन-चार अक्षरांचे, संख्येने जास्त, आणि त्यांत ए. ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट सापडला, त्यात चार ए. ॲज फार ॲज आय कॅन सापडला, त्यातही चार. मी कचेरीत बातम्यांच्या मधल्या वेळात शोधत असे. एका उपसंपादकाने विचारले, ‘काय बे, कोडं सोडवायलास का?’ मी हो म्हणालो.

वहिनीला सांगितले होते की अख्खा वाक्प्रचार म्हणजे एक मोळी समज. तिने प्रयत्न केला. हात ऐकत नव्हते. स्पेसचे बटण दाबले की ते थांबायचे. सरांनी मागे उभे राहून एकसारख्या लयीत टाळ्या वाजवून पाहिले. तिने स्वतः डबा मांडीवर घेऊन त्याच्या झाकणावर एसटीत सराव सुरू केला, जाताना एक तास आणि येताना एक तास. मांजरसुंब्याला चढलेल्या एका बाईने तिला विचारले, ‘तबला शिकता का काय, बाई?’

‘हाव,’ वहिनी म्हणाली. ‘परीक्षा हाय.’

वेग पस्तीसवर आला, मग छत्तीसवर. तिथे तो नऊ दिवस राहिला. त्या नऊ दिवसांत ती पहाटे पाचला इन्स्टिट्यूटच्या बंद शटरसमोर येऊन बसायची. सरांनी शेवटी किल्ली तिच्याकडे दिली. परीक्षेआधीच्या रविवारी ती मुलींना घेऊन नारायणगडाला दर्शनाला जाऊन आली. परत येताना आई सारखी झाकणावर बोटे मारत होती, असे थोरल्या मुलीने मला सांगितले. परीक्षेच्या दोन दिवस आधी तिने एकदा अडतीस गाठले. त्याच सकाळी पुढचे दोन उतारे छत्तीसचे आणि पस्तीसचे गेले.

परीक्षा बीडलाच होती, दुपारच्या तुकडीत. मी फाटकाबाहेर उभा होतो. ती बाहेर आली तेव्हा पदराने बोटे पुसत होती.

‘उतारा कशावर होता?’

‘पाण्याच्या टाक्यांवर. शेवटच्या दोन वळी ऱ्हायल्या.’

‘आणि ए?’

‘एकबी चुकला न्हाई.’

मग ती म्हणाली, ‘टू आला की थांबले. कळत व्हतं थांबलेलं. तरी थांबले.’ आम्ही बसस्थानकापर्यंत चालत गेलो.

निकाल मेच्या तिसऱ्या आठवड्यात लागला. वेगाच्या उताऱ्यात तिला पास व्हायला तीन गुण कमी पडले. सेवा समाप्तीचा आदेश महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी दुपारी तीन वाजता तिच्या हातात देण्यात आला. तिने आवक-जावक नोंदवह्या आणि कपाटाची किल्ली शेजारच्या लिपिकाकडे दिली, पोच घेतली आणि साडेपाचची एसटी धरली.

आणखी एका संधीसाठी तिने अर्ज केला. तो मराठीत आहे, तिनेच टाइप केलेला, दीड पानाचा. वरिष्ठ कार्यालयाच्या आवक नोंदीत तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चढला आहे. काल मी ती नोंदवही पाहून आलो. त्या अर्जापुढचा कार्यवाहीचा रकाना कोरा आहे.