तीन पोती जलपर्णी

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो. माझी पत्नी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तांब्याचा मुलामा देणाऱ्या एका कारखान्याचं निळसर पाणी वहाळात जात असे. वाळवलेल्या जलपर्णीचा भुसा त्यातलं तांबं धरून ठेवतो, हे तिला त्याच पाण्यावर दाखवायचं होतं. तिचा प्रबंध त्यावाचून अडला होता. खूप मागे लागल्यावर मालक म्हणाला, "सोमवारी या. फरक दिसला तर दर आठवड्याला पाणी न्या. नाही दिसला तर पुन्हा फेरी मारू नका."

मेच्या सुट्टीत, पालीजवळच्या आमच्या घरी, तिने तळ्यातली जलपर्णी काढून धुतली आणि कातळावर वाळवली. तीन पोती भरली. पोती पडवीत ठेवून शुक्रवारी ती बाजाराला गेली.

त्याच दिवशी वडिलांनी भाजावळ केली. भात पेरण्याआधी रोपांच्या जागेवर पातेरा, म्हणजे पालापाचोळा, पसरून जाळायचा, ही आमच्याकडची रीत. ती परतली तेव्हा शेतात राख होती आणि वडील शेजाऱ्याला सांगत होते, "कॉलेजात शिकवते, पण सून बघ माझी! न सांगता तीन पोती पातेरा गोळा केलान."

ती पायरीवर बसली. "बाबा, ते सोमवारसाठी होतं," एवढंच म्हणाली.

बाकीचं मी सांगितलं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. "मग पडवीत कशाला ठेवलंस गो? माजघरात ठेवायचं!" आवाज चढला होता, पण राग स्वतःवरच होता.

शनिवारी उजाडताच ते कमरेइतक्या पाण्यात उतरले. वय सत्तरीच्या पुढे. मी काठावरून ओढून घेत होतो, ती धुऊन तुकडे करत होती. दोन दिवस ते कातळावर छत्री घेऊन बसले आणि आंबोशी उलटावी तसे तुकडे उलटत राहिले.

"थोडं ओलं राहिलं तर?"

"तर वजन खोटं येईल, बाबा."

ते पुन्हा उलटू लागले. शेवटी अर्धं पोतं भरलं. त्याचा भुसा त्यांनी स्वतः उखळात कांडला.

सोमवारी तो मांडीवर घेऊन ते आमच्याबरोबर एसटीने आले. कारखान्यात तिने भुशातून पाणी सोडलं. मालकाने आधीची आणि नंतरची बाटली उजेडात धरली.

"गेलं का तांबं?"

"सगळं नाही. रंग फिकट झालाय. किती गेलं ते मोजून सांगेन."

"हे अर्ध्या पोत्याचं," वडील म्हणाले. "तीन होती. ती मी जाळली."

मालक हसला. "पुढच्या सोमवारी कॅन घेऊन या, मॅडम. आणि यांच्या हाती काडेपेटी देऊ नका."

बातमीला मी 'पाणी शुद्ध' असा मथळा दिला होता. तिने 'शुद्ध' खोडून 'फिकट' लिहिलं. तसंच छापलं.

पुढच्या वर्षीपासून भाजावळीच्या दिवशी वडील प्रत्येक भारा उचलण्याआधी स्वयंपाकघराच्या दाराशी येत. "सूनबाई, यात तुझं काही नाही ना?" ती हात पुसत बाहेर येई आणि भारा खरोखर तपासून बघे.