दुधीचा एक चमचा

लेक साडेतीन वर्षांची होईपर्यंत मी वाटी घेऊन तिच्या मागे पळत होते. सोफ्यामागे, गॅलरीत, एकदा तर सोसायटीच्या लिफ्टमध्येसुद्धा. एका घासाला मोबाईलवरचं एक गाणं, असं आमचं ठरलेलं. भाजी दिसली की बाईसाहेब ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. मग मी लपवाछपवी सुरू केली. थालीपिठात दुधी किसून घातला. तिने हिरवा धागा शोधून काढला आणि त्या दिवसापासून थालीपीठही बंद!

पुढच्या महिन्यात तिची बालवाडी सुरू होणार होती. डब्यात पोळीभाजीच हवी आणि मुलांनी ती आपल्या हातानेच खायची, असा तिथला नियम. माझी पोर रोज उपाशी घरी येणार, या विचारानेच मला घाम फुटायचा.

तेव्हाच तिला आमच्या जवळच्या शिरवणे गावातल्या एका मावशींच्या पाळणाघरात ठेवायला लागले. मावशी मूळच्या त्या गावातल्याच. वर भाडेकरू, खाली ओटीवर पाच-सहा मुलं. तिसऱ्या दिवशी त्या सहज म्हणाल्या, "आज दुधी जेवली पोरगी."

खरं सांगते, आनंद नंतर झाला, आधी रागच आला. मला जमलं नाही ते यांना तीन दिवसांत?

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून जेवणाच्या वेळी दारात हजर झाले. मुलं गोल बसली होती. प्रत्येकाने शेजारच्याला चमचाभर भाजी वाढायची. नको असेल तर वास घ्यायचा आणि बाजूला ठेवायची. कुणी कुणाला भरवत नव्हतं. मावशीही त्यांच्यातच बसून तेच जेवत होत्या.

"ताई, तुमी खाता का दुधी?" त्यांनी विचारलं.

"मी... मला नाही आवडत."

"पोरगी तेच बोलली. आई नाय खात. मंग ती कशाला खाईल?"

रोज तिच्यासमोर मी लोणच्याशी पोळी खायचे. तिला ते दिसत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रविवारी मोबाईल कपाटात ठेवला आणि दोघींची ताटं मांडली. लेकीने दोन्ही हातांनी डाव धरला, निम्मी भाजी सांडली आणि उरलेली माझ्या ताटात वाढली. माझं तोंड बघून ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "नको तर नको. नुसता वास घे."

इतक्या मायेने मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. एक फोड तोंडात टाकली. ती गिळेपर्यंत लेक माझ्याकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, "आता मला वाढ."

बालवाडीच्या पहिल्या दिवशी तिचा डबा रिकामा आला. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तो बघून मी नाचायचीच बाकी होते. पण तेवढ्यात तिने माझी पर्स ओढली, माझा डबा बाहेर काढला आणि झाकण उघडून आत बघितलं.