मातीला न आलेला मामा

लेफियाना पेज ढवळत होती. कुंपणापाशी सायकल दिसली. बिझेकी आला होता, सिन्यालाचा मामा.

सिन्याला तेरा वर्षांची. आई जाऊन दोन महिने झाले होते आणि पाठची दोन भावंडं तीच सांभाळत होती. या तिघांकडे बघायचं काम गावाच्या बालसमितीनं लेफियानाला दिलेलं. काम कसलं, फुकटची हमाली! सकाळी वीस अनाथ पोरांना मक्याची पेज, मग घरोघर चक्कर.

"पोरीला नेतो," बिझेकी म्हणाला. "मळ्यावर घरात माणूस हवंय."

तंबाखूच्या मळ्यावर 'घरात माणूस' म्हणून दहाव्या वर्षी लेफियानाही गेली होती. परत आली ती शाळा कायमची सुटूनच. पण आम्हा चेवा लोकांत बहिणीची पोरं मामाची. तिथं बापाचं चालत नाही, समितीला कोण विचारतो?

ती तडक गावप्रमुख काजाकेंकडे गेली. पाठोपाठ सायकल ढकलत बिझेकी आला, भावंडांना घेऊन सिन्यालाही आली. आंब्याखाली माणसं जमली. तिच्याकडे बोलण्यासारखं एकच होतं, तेच ती ओरडून बोलली, "हा बहिणीच्या मातीला आला नव्हता!"

"सायकल पंक्चर असेल हो!" शेजारीण फालेसी म्हणाली. बायका खदखदून हसल्या.

"मढं ताटकळलं, मामा तंबाखू वाळवत बसले!" दुसरीनं भर घातली.

आमच्याकडे चोराला एकवेळ माफी मिळेल, मातीला न येणाऱ्याला नाही. काजाकेंनी मान हलवली. "बहिणीला मूठभर माती दिली नाहीस. आता हक्क कसला सांगतोस?"

जिंकलो, असं लेफियानाला वाटलं.

बिझेकी खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी मी बायकोचा खड्डा खणत होतो. बाळंतपणात गेली. एकट्यानं खणला. मळ्यावर आपलं कोण आहे? निरोप कुणाच्या हाती धाडू? बाळ तेवढं वाचलं. आजवर एक मजूरबाई पाजत होती, ती आता जाणार."

कुणी हसलं नाही. त्याच्या बायकोच्या मातीला या गावातून एकही माणूस गेलेलं नव्हतं.

काजाके खालच्या आवाजात म्हणाले, "मग पोरगी तुझीच. ने, बाबा."

सिन्यालानं लेफियानाच्या कमरेचं कापड घट्ट धरलं. लेफियानाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि भीती तर त्याहून जास्त.

"जीभ झडो माझी, दादा. चुकले. पण पोरगी देणार नाही."

"मग बाळाला काय पोत्यावर टाकू?"

"इथं आण."

"समिती पाळणार? पेजेवर?"

"समितीचं नाव काढू नकोस. मी पाळते."

घरी तिची स्वतःची तीन होती आणि कणगीतला मका नव्या पिकापर्यंत पुरणार नव्हता. पण शब्द तोंडातून गेला होता.

तेवढ्यात फालेसी पुढं आली. तिच्या पाठीवर तिचं तान्हं झोपलं होतं. "पाजायचं मी बघते," ती म्हणाली. वर मान करून कुणाकडे बघायची तिची हिंमत नव्हती.

बिझेकीनं सायकल हाती घेतली. मग म्हणाला, "माझ्या बायकोसाठी अजून कुणी रडलेलंसुद्धा नाही."

सिन्याला भावंडांना घेऊन घरी गेली. दुपारी अकरा बायका सायकलच्या मागोमाग मळ्याच्या रस्त्याला लागल्या. बाळ आणायचं होतं, पण आधी बिझेकीच्या दारात बसून रडायचं होतं.