सेक्टरच्या बाहेर

कांताबाई जिन्यात दिसायच्या आधी ऐकू येतात. नोएडातल्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना हा आवाज ओळखीचा आहे. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो. त्यात घराची किल्ली आहे, कपाटांच्या आहेत, गॅलरीच्या जाळीची आहे, समोरच्या केतकीच्या फ्लॅटची आहे, कारण केतकी स्वतःची किल्ली रोज ऑफिसात विसरते. बाकीच्या सगळ्या काळ्या लोखंडी पेट्यांच्या. नवरा लष्करात, त्यामुळे बदली झाली की संसार त्या पेट्यांत भरायचा, प्रत्येकीला कुलूप लावायचं आणि ट्रकमागे निघायचं. निवृत्तीनंतर निम्म्या पेट्या भंगारात गेल्या. किल्ल्या राहिल्या.

"न जाणो," कांताबाई म्हणतात. पेटीच नसताना न जाणो काय, हे त्यांना विचारायची कुणाची हिंमत नाही.

शहाजीराव सुभेदार म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली. आता ते एका आयटी कंपनीच्या फाटकावर सिक्युरिटी सुपरवायझर आहेत, पण जीव अडकलेला घरच्या जुन्या पेट्रोल गाडीत. रविवारी लोक पेपर उघडतात, शहाजीराव बॉनेट उघडतात. "इंजिनाचा आवाज ऐकून आजार सांगतो मी," हे वाक्य सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकावं लागतं.

अशा माणसाच्या घरात कांताबाईंनी पन्नाशी उलटल्यावर, नवरा ड्यूटीवर असताना, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शहाजीरावांना कळलं ते लायसन पोस्टाने घरी आल्यावर. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं.

"फोटो बरा आलाय," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "चालव. पण सेक्टरच्या बाहेर नाही."

मग कांताबाई भाजीबाजारापर्यंत चालवू लागल्या, फार तर रक्त तपासायच्या लॅबपर्यंत. सेक्टरच्या आत चौथा गियर लागत नाही. तो कसा असतो, हे त्या विसरत चालल्या होत्या.

फेब्रुवारीत धुळ्याला भाच्याचं लग्न निघालं. वहिनीशी, सुनयनाशी, फोनवर बोलताना कांताबाईंच्या तोंडून निघून गेलं, "मी गाडी घेऊन येते."

"म्हणजे दाजी घेऊन येणार आणि तुम्ही बसून येणार," सुनयना म्हणाली.

"मी म्हणजे मी. तुझ्या फाटकातून आत मी घालणार गाडी."

"बघू हं ताई. मी फाटकातच उभी राहते."

फोन ठेवल्यावर कांताबाईंच्या लक्षात आलं, की हे फाटक सेक्टरच्या फारच बाहेर आहे.

निघताना त्यांनी गाडीच्या किल्लीला आपला जुडगा अडकवला. मागच्या वर्षी शहाजीराव गाडीची किल्ली ढाब्याच्या टेबलावर विसरून आले होते. इतका मोठा जुडगा विसरणं कुणालाच शक्य नव्हतं.

आग्र्यापर्यंत कांताबाईंनी दोनदा विचारून पाहिलं. "अहो, थोडा वेळ मी घेऊ?"

"ट्रक बघतेस ना?"

"बघतेय की. ते काय आपल्याला बघून येतायत?"

शहाजीरावांनी आरसा नीट केला, म्हणजे विषय संपला.

धौलपूर ओलांडलं आणि रस्त्याच्या उखडलेल्या पट्ट्यावर गाडी अचानक बंद पडली. ना धूर, ना खरखर. शहाजीरावांनी किल्ली फिरवली तशी लगेच सुरू झाली. पुढे एका गतिरोधकावर पुन्हा तेच.

"पेट्रोलमध्ये पाणी," शहाजीराव म्हणाले. तिसऱ्या वेळेला ते म्हणाले, "फिल्टर." चौथ्या वेळेला त्यांनी मागच्या सीटवरच्या लाडवांच्या डब्यांकडे पाहिलं. "वजन फार झालंय."

"माझ्या लाडवांनी तुमचं इंजिन बंद पडतंय?"

"मी तसं म्हणालो का?"

"डब्याकडे बघून म्हणालात."

ग्वाल्हेरला मेकॅनिककडे गाडी लावली. दुसऱ्या मेकॅनिकच्या हातात आपली गाडी देताना शहाजीरावांचा चेहरा मुलीची पाठवणी करताना असतो तसा झाला. कांताबाईंनी किल्ली देण्याआधी जुडगा सोडवून पर्समध्ये टाकला. परक्या माणसाच्या हातात कुणी घराच्या किल्ल्या देतं का? मेकॅनिकने गाडी खड्ड्यांतून गोल गोल फिरवून आणली.

"साहब, गाडी तो मक्खन है."

पैसे दिले, जुडगा पुन्हा लावला, निघाले. गाव संपायच्या आत मक्खन बंद पडलं. शिवपुरीला दुसऱ्या मेकॅनिकने फिल्टर बदलला. त्याच्या हातातही गाडी शहाण्यासारखी वागली. जुडगा पुन्हा लागला, शहाजीराव बसले आणि पहिल्याच गतिरोधकावर तिने मान टाकली.

त्यांनी गाडी कडेला घेतली. "चालवताना नीट ऐकू येत नाही," ते शेवटी म्हणाले. "मला बाजूला बसून इंजिन ऐकायला पाहिजे. तू घे जरा."

कांताबाई नोएडापासून याच वाक्याची वाट बघत होत्या. "मी?" त्या म्हणाल्या. "हायवेवर?"

"हळू घे."

त्यांनी सीट पुढे ओढली. त्या उंचीने कमी, त्यामुळे जुडगा थेट गुडघ्यावर आपटायला लागला. तो सोडवून त्यांनी मांडीवर ठेवला. मग तिसरा, कितीतरी दिवसांनी चौथा आणि पाचवाही गियर. शहाजीराव डॅशबोर्डला कान लावून बसले. "आता पडेल," ते म्हणायचे. "आता बघ." गाडी खड्ड्यांतून, गतिरोधकांवरून निमूट चालत राहिली.

चहानंतर पुन्हा शहाजीरावांनी गाडी घेतली. जुडगा किल्लीला गेला. कांताबाई आता मोकळ्या होत्या, त्यामुळे बघत होत्या. गतिरोधक आला. जुडगा वर उडाला, दाणकन खाली आला, झटक्याने किल्ली मागे फिरली आणि समोरचे सगळे दिवे विझले. गाडी बंद.

किल्ली बसते ते घर झिजलेलं आणि त्यावर सगळ्या पेट्यांच्या किल्ल्यांचं वजन. कांताबाईंनी जुडग्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"अहो..."

"काय?"

डोळ्यांसमोर धुळ्याचं फाटक आलं. "काही नाही. पाणी देऊ?"

शहाजीरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, पाणी प्यायले आणि किल्ली फिरवली.

रात्री गुना गावात मुक्काम झाला. सकाळी कांताबाईंनी जुडग्यासकट किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "तुम्हीच घ्या. सकाळी इंजिन थंड असतं, कदाचित चालेल."

हॉटेलच्या फाटकातल्या उंचवट्यावरच गाडी बंद पडली.

"तुमचा पाय जड पडतो का हो क्लचवर?" कांताबाईंनी काळजीने विचारलं.

शहाजीराव उतरले आणि पलीकडे जाऊन बसले. "हवेतला ओलावा," ते म्हणाले. बाहेर ऊन लख्ख होतं. मग त्यांनी सीट मागे पाडली. "मी ऐकतोय. तू चालव."

इंदूरपर्यंत ते घोरत ऐकत होते. सेंधव्याच्या घाटात ट्रकांची रांग लागली तेव्हा कांताबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. जागे होते. पाय मात्र ब्रेक नसलेल्या ठिकाणी दाबून धरला होता.

दिवेलागणीला धुळं आलं. सुनयना हळदीच्या हातांनी खरंच फाटकात उभी होती. कांताबाईंनी गाडी दुसऱ्या गियरमध्ये आत घेतली आणि कारण नसताना हॉर्न दिला.

"अगबाई," सुनयना म्हणाली. "दाजी, तुम्ही डावीकडे?"

"इंजिन तपासत होतो," शहाजीराव म्हणाले.

कांताबाईंचा भाऊ महेश मांडवातून पळत आला. "ताई, किल्ली दे. केटररचा टेम्पो यायचाय, मी मागे लावतो."

कांताबाई आनंदात होत्या. भाऊ काही परका नव्हे. त्यांनी सवयीने जुडगा किल्लीला अडकवला आणि हात पुढे केला.

"जुडगा काढून दे," शहाजीराव मागून म्हणाले. "नाहीतर फाटकातच बंद पडेल."

महेश नुसती किल्ली घेऊन गेला. सुनयना आत लाडू नेऊ लागली. कांताबाई नवऱ्याकडे वळल्या.

"कधी कळलं?"

"तुला कळलं तेव्हाच. पाणी देऊ का म्हणालीस ना? गाडी बंद पडल्यावर तू मला आजवर फक्त बोलणी ऐकवलीस, पाणी नाही दिलंस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

कांताबाईंनी जुडगा कमरेला खोचला. शहाजीरावांनी दोन्ही हात कमरेवर ठेवून पाठ मागे वाकवली. हाडं वाजली. "शिवपुरीपासून कंबर धरली होती," ते हळू आवाजात म्हणाले. "आता तूच चालव, असं तोंडाने म्हणायचं राहून गेलं. गाडीनेच सांगितलं, बरं झालं."

महेश गाडी लावून परत आला. "दाजी, तुमचं किल्लीचं घर पार झिजलंय. समोरच आपला मेकॅनिक आहे, उद्या सकाळी बदलून घेऊ. परतीला त्रास नको."

"नको," शहाजीराव म्हणाले.

"राहू दे," त्याच दमात कांताबाई म्हणाल्या. "नोएडाला गेल्यावर बघू."